लांबच्या प्रवासाची शिदोरी कशी बांधायची: दशमी, शेंगाचटणी आणि सोबतचं सगळं

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग पूर्ण उघडला आणि तेव्हापासून आमच्याकडे नागपूरला जायचं म्हणजे गाडीनेच असं ठरून गेलंय. भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, १० जिल्हे. रस्ता खूप छान आहे, पण तो गावांच्या बाहेरबाहेरून जातो, जुन्या हायवेवर कसं दर थोड्या अंतराने टपरी, फाट्यावरचा वडापाव, ढाबा असायचा तसं इथे नाही, आणि भूक लागली म्हणून वाटेल तिथे कडेला गाडी लावणं तर सरळ धोक्याचं आहे. म्हणून मी शिदोरी बांधते, आणि ती कशी बांधायची ते इथे सगळं सांगते. मी ४ माणसं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा प्रवास धरलाय, तुम्ही तुमच्या हिशोबाने कमीजास्त करा.

आधी पदार्थ ठरवा, आणि ठरवताना पाणी बघा

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक भागात प्रवासाचा म्हणून काही ना काही आहेच. मराठवाड्यात धपाटे, सोलापूरकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी, खानदेशात कळण्याची भाकरी नि ठेचा, सांगली-कोल्हापूरकडे भडंग, कोकणात आमसूल, आंबापोळी, फणसपोळी, आणि दशमी तर बऱ्याच ठिकाणी. चव प्रत्येकाची वेगळी, पण नीट बघितलं तर यातल्या टिकणाऱ्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, पाणी कमी. कुठे पाणी भाजून घालवलंय, कुठे वाळवून, कुठे तेलात परतून, आणि सोबतीला मीठ, गूळ नाहीतर आंबट. फ्रीज नसताना लोक बैलगाडीने दोन-दोन दिवस जायचे, त्यांनी हे सगळं अनुभवाने बसवलेलं आहे. त्यामुळे मला काय आवडतं यापेक्षा यात ओलं किती आहे हा प्रश्न आधी विचारायचा.

या हिशोबाने काही गोष्टी बाद होतात आणि त्या मनाला लावून घेऊ नका. ओल्या नारळाची चटणी नको, उन्हात गाडीत ती फार लवकर आंबते. खानदेशी वांग्याचं भरीत मला जीव की प्राण आहे तरी नको, ते घरीच खायचं. सोलकढी नको, त्यात नारळाचं दूध. चिरलेला कांदा-टोमॅटो घातलेलं काहीच नको. आणि भात, मसालेभात, पुलाव हेही नको, कारण तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवून मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की वाढायला लागतात, मग तो गरम करून खाल्ला तरी पोट बिघडू शकतं. शिजवलेलं ओलसर अन्न ५ ते ६० अंश तापमानात २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि उन्हात उभ्या गाडीत काय होतं ते आपण हात लावूनच बघतो.

तर माझा बेत असा असतो: मुख्य जेवणाला दशम्या, शेंगाचटणी, ठेचा. सकाळच्या पहिल्या थांब्याला धपाटे आणि बटाट्याच्या काचऱ्या. मधल्या वेळेला भडंग. गोडाला गूळपोळी. प्यायला कोकम.

दोन दिवस आधी: चटणी आणि गूळपोळी

शेंगाचटणी आधीच करून ठेवा, ती मुरली की जास्त छान लागते. २ वाट्या शेंगदाणे मंद गॅसवर भाजायचे, घाई केली तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात आणि असल्या चटणीला खवट वास लवकर येतो. गार झाले की सालं पाखडून काढा. मग १५ लसूण पाकळ्या, २ चमचे लाल तिखट, १ चमचा जिरं, मीठ, आणि खलबत्त्यात कुटायचं. सोलापूरच्या चटणीची सगळी मजा कुटण्यात आहे, कुटून कुटून दाण्यांना तेल सुटतं आणि चटणी हाताने दाबली की तिचा गोळा होतो. मिक्सर वापरणार असाल तर एकदम फिरवत ठेवू नका, थांबत थांबत फिरवा आणि जाडसर ठेवा, नाहीतर पीठ होतं. पाण्याचा एक थेंब लागू द्यायचा नाही, चमचासुद्धा कोरडा.

गूळपोळी फक्त संक्रांतीलाच का करतात मला समजत नाही, प्रवासाला यापेक्षा चांगलं गोड नाही. तीळ भाजून त्याचं कूट, तेलावर भाजलेलं डाळीचं पीठ, किसलेला चिक्कीचा नाही साधा मऊ गूळ, थोडी वेलची, हे मळून सारण करायचं आणि पारी घट्ट ठेवून पातळ लाटायची. नीट भाजलेली, गार झालेली गूळपोळी आठवडाभर काही होत नाही. पुरणपोळी मात्र आणू नका, पुरण ओलं असतं.

आदल्या संध्याकाळी: दशम्या

इथे जरा वेळ घालवा कारण सगळी शिदोरी यावरच उभी आहे.

ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो आणि गार होताना तिच्यातला स्टार्च घट्ट होत जातो. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवतात, वरून थोडं तूप, आणि त्या स्निग्धपणामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. माझी आजी प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दशम्यांची पुरचुंडी द्यायची, अगदी तालुक्याला जाऊन संध्याकाळी परत येणार असला तरी, आणि वर म्हणायची तहानलाडू भूकलाडू घेतले का, म्हणजे गोष्टीतल्यासारखं.

प्रमाण: ज्वारीचं पीठ ३ वाट्या, कणीक १ वाटी, तूप २ चमचे, मीठ, आणि दूध अंदाजे २ वाट्या. पीठ ताजं दळलेलं पाहिजे, जुन्या पिठाच्या दशम्या काठाला फाटतात. दूध चांगलं गरम करा, पिठात घालून चमच्याने कालवा, झाकून १० मिनिटं ठेवा आणि हाताला सोसेल तेव्हा भरपूर मळा. भरपूर म्हणजे तळहाताच्या बुडाने परातीला घासून घासून. मुरलेल्या हाताने थापा, नाहीतर कणीक घातलीय म्हणून लाटता येते, मी लाटतेच. तव्यावर टाकल्यावर भाकरीसारखं वरून पाणी फिरवायचं नाही, हा फरक लक्षात ठेवा. मध्यम आंचेवर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजायची, कडा दाबून भाजायच्या, कच्ची कड राहिली तर बुरशी तिथूनच सुरू होते. १३-१४ दशम्या होतात, ४ जणांच्या एका जेवणाला भरपूर आणि थोड्या उरतात.

आता महत्त्वाचं. तव्यावरून काढलेली दशमी लगेच डब्यात टाकायची नाही! डब्याला आतून घाम धरतो, तो दशम्यांवर पडतो आणि तुम्ही एवढं पाणी टाळलेलं सगळं वाया जातं. जाळीवर नाहीतर सुती फडक्यावर एकेक पसरा, वाफ पूर्ण जाऊ दे, मग एकावर एक रचून कोरड्या सुती फडक्यात बांधा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, छपाईची शाई अन्नाला लागते, अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, एफएसएसएआयने, पण त्याबद्दल बजावलेलं आहे. थंडीत दोन दिवस आरामात राहतात, मे महिन्यात मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पुढे ठेवत नाही.

त्याच संध्याकाळी ठेचा करून घ्या. हिरव्या मिरच्या धुऊन, अगदी कोरड्या पुसून, देठं काढून, तेलात लसणीबरोबर डाग पडेपर्यंत परतायच्या आणि मूठभर दाणे, मीठ घालून तिथेच तव्यावर वाटीच्या बुडाने रगडायचं. कोथिंबीर घालू नका, ओलावा येतो. भडंगाला काही वेळ लागत नाही, लसूण-कढीपत्ता-दाण्यांची फोडणी, तिखट, मीठ, किंचित पिठीसाखर, गॅस बंद करून चुरमुरे. गार झालं की हवाबंद डब्यात.

निघायच्या सकाळी

फक्त दोन गोष्टी, धपाटे आणि काचऱ्या, आणि त्या पहिल्या थांब्यालाच संपवायच्या, म्हणजे निघाल्यावर दीड तासात. धपाट्याचं पीठ, म्हणजे ज्वारी, थोडं बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा, हळद, लसूण-मिरचीचं वाटण, रात्रीच कोरडं काढून ठेवा आणि सकाळी दही घालून भिजवा. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे, मध्ये भोक पाडून तेल सोडायचं. काचऱ्यांसाठी बटाटे न उकडता पातळ चिरून तेलावर परतायचे, कांदा नाही, खोबरं नाही. दोन्ही परातीत पसरून पंख्याखाली गार करा, तोवर बाकीची आवराआवर होते.

मुलांना शाळेच्या डब्यासारखी पोळी-भाजी गुंडाळून रोल दिले तर ते सीटवर बसून खातील असं वाटतं, पण चालत्या गाडीत खायला देऊच नका, घाटात तर नाहीच. कसारा किंवा खंबाटकी चढताना पोट भरलेलं असलं की पुढचा तास कसा जातो ते आईबापांना विचारा. घाटासाठी फक्त आवळा सुपारी नाहीतर आमसूल हाताशी ठेवा.

भरायचं कसं

स्टीलचे डबे. ठेचा आणि चटणी छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यांत, लोणचं नेत असाल तर काचेच्या छोट्या बाटलीत. लोणचं, लिंबू, आमसूल असलं आंबट काही अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये बांधायचं नाही, आंबट आणि मीठ मिळून फॉइलला बारीक भोकं पाडतात आणि ते धातू अन्नात उतरतं.

डबे पदार्थाप्रमाणे नाही, थांब्याप्रमाणे भरा. ही एक सवय लावली ना तर खूप त्रास वाचतो. पहिल्या थांब्याची एक पिशवी, दुपारच्या जेवणाची दुसरी, संध्याकाळची तिसरी, आणि जी आधी लागणार ती सगळ्यात वर. एकदा आमच्या गाडीत सगळं एकाच मोठ्या पिशवीत होतं, धपाट्यांसाठी तळापर्यंत उपसलं, त्यात ठेच्याचं झाकण सुटलं आणि तेल दशम्यांच्या फडक्यात गेलं, दुपारी सगळ्यांना तिखट दशमी. तेव्हापासून तीन पिशव्या.

पिशव्या डिकीत ठेवण्यापेक्षा पुढच्या सीटच्या मागे पायाशी ठेवा, एसीमुळे तिथे गार असतं. काकडी, गाजर अख्खी न्या आणि तिथे चिरा. नागपूरहून परत येताना सीझन असेल तर संत्री घ्याच, पण ती वेगळ्या पिशवीत, दशम्यांच्या शेजारी ठेवली तर सगळ्याला वास लागतो.

अजून लागणारं: छोटी सुरी, ४ ताटल्या, एक जुनी चादर, कचऱ्याची पिशवी, आणि हात धुवायला पिण्याच्या पाण्यापेक्षा वेगळी २ लिटरची बाटली. शेंगदाण्याचं कच्चं तेल छोट्या बाटलीत नक्की न्या, शेंगाचटणीवर ते घातल्याशिवाय जेवणात राम नाही.

कोकमासाठी सरबत करून नेऊ नका, सांडतं आणि जागा खातं. बिनसाखरेचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस, मिळतं त्याची लहान बाटली घ्या, पुडीत साखर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि थर्मासमध्ये गार पाणी. एका ग्लासला एक-दीड चमचा आगळ पुरतं. आगळात मीठ असतंच त्यामुळे वरून मीठ घालायच्या आधी चाखून बघा.

रस्त्यात

दुपारी थांबलात की आधी वास घ्या. दशमीला आंबूस वास आला किंवा मोडताना तार सुटली तर ती सरळ कचऱ्यात, पाहिलं-न पाहिलं करू नका. नाहीतर फडकं उघडा, दशमी हातावर घ्या, मध्ये चटणी, त्यावर तेल, बाजूला ठेचा, काकडीची फोड. चादर सावलीत अंथरा, ठरलेल्या थांब्यावरच, कडेला गाडी लावून नाही. गाडी चालवणाऱ्याने दीड-दोन दशम्यांवर थांबावं, ज्वारीने झोप येत नाही असं म्हणतात पण भरपेट जेवल्यावर १२० च्या रस्त्यावर डोळा लागू शकतो, त्याने गूळपोळी संध्याकाळच्या चहाबरोबर खावी.

पोचल्यावर कितीही दमलात तरी पिशव्या त्याच रात्री उघडा आणि फडकं धुवायला टाका. उरलेल्या दशम्या सकाळी कुस्करून मोहरी-हिंग-मिरचीच्या फोडणीत परता, वरून उरलेली शेंगाचटणी भुरभुरा, आणि ज्यांच्याकडे उतरलात त्यांनाही द्या.