ई बाय एमचं प्रॅक्टिकल लागलंय? आधी दिशा पक्की करा

ई बाय एम म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रभार भागिले त्याचं वस्तुमान. हलत्या प्रभारावरच्या चुंबकीय बलाचं सूत्र, क्यूव्हीबी साइन थीटा, बारावीपासून सगळ्यांना पाठ असतं. बीएस्सीच्या लॅबमध्ये मात्र पहिला प्रश्न वेगळाच पडतो: पट्टी चुंबक जवळ आणला तर इलेक्ट्रॉन आदळून पडद्यावर उमटलेला हिरवा ठिपका जाईल कुठे? मी नागपुरातच शिकलो, आता इथल्याच पोरांची प्रॅक्टिकल्स घेतो. माझं मत ठाम आहे, की दिशा आधी, सूत्र नंतर. आकडे काय, कॅल्क्युलेटरही काढतो.

फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमात मधलं बोट विद्युतधारेचं असतं. इलेक्ट्रॉन ऋण, म्हणून तो पूर्वेकडे निघाला की बोट पश्चिमेकडे धरायचं. व्हायवात बरीच पोरं इथेच गडबडतात. परीक्षकाला ते ठाऊक असतं, म्हणून तो हमखास हेच विचारतो.

ई बाय एम मोजायच्या थॉमसनच्या पद्धतीत सीआरटीची, म्हणजे पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारी, नळी उत्तर-दक्षिण ठेवा, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि पोरं होकायंत्र बघून मुकाट्याने ठेवतात. का बरं, ते कुणी विचारत नाही. चुंबक लावण्याआधी एकदा हे करून बघा: नळी पूर्व-पश्चिम करा. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक नागपुरात साधारण 0.4 गॉस आहे. हजार व्होल्टने वेग दिलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 1.9 कोटी मीटर धावतो. त्याच्या वाटेची त्रिज्या एमव्ही भागिले क्यूबीने काढली तर अडीच-पावणेतीन मीटर येते. म्हणजे 20 सेंटिमीटरच्या प्रवासात तो सात-आठ मिलिमीटर सरकतो. नळीचं पडद्याकडचं तोंड पूर्वेला असेल तर ठिपका खाली, पश्चिमेला वळवलं तर वर. चक्क डोळ्यांनी दिसतं! नळी उत्तर-दक्षिण असली की वेग आणि हा आडवा घटक एकाच रेषेत येतात, साइन थीटा शून्य होतो आणि हा त्रास मिटतो. उभा घटक तरीही उरतो. तो ठिपक्याला थोडा बाजूला ढकलतो, पण चुंबक उलटसुलट ठेवून सरासरी घेतली की निभावतं. लोखंडी कपाटाजवळचं टेबल मात्र घेऊ नका, आणि मोबाईल खिशातून काढून लांब ठेवा. त्याच्या स्पीकरमध्येही चुंबक असतो.

चुंबकीय बल वेगाला नेहमी काटकोनात असतं, म्हणून ते कार्य करत नाही. कण वळतो, पण त्याचा वेग वाढत नाही. मग सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्रात, ऊर्जा कुठून येते? दोन ‘डी’मधल्या, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारख्या पोकळ पेट्यांमधल्या, फटीतल्या विद्युतक्षेत्रातून. चुंबक कणाला फक्त फिरवून परत फटीपाशी आणतो. वेग वाढला तरी फेरीचा वेळ तोच राहतो, कारण त्रिज्याही तेवढीच वाढते. (प्रकाशाच्या वेगाजवळ गेल्यावर हे जमत नाही, पण तो पुढचा धडा.) कोलकात्याचा सायक्लोट्रॉन 1977 पासून याच हिशेबावर चालतो.

“सर, याचा नोकरीला उपयोग काय?” हे दरवर्षी ऐकतो. कॅन्सरच्या रेडिओथेरपीचं लिनॅक मशीन घ्या, म्हणजे इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत वेग देणारं यंत्र. जास्त ऊर्जेच्या बऱ्याच मशीनमध्ये इलेक्ट्रॉन आडवे धावतात आणि त्यांना पेशंटकडे वळवायला चुंबक असतो. काही मशीनमध्ये सरळ 90 अंश न वळवता 270 अंशांचा फेरा घालतात. ऊर्जा थोडी जास्त असलेला इलेक्ट्रॉन मोठा वळसा घेतो, कमी असलेला लहान, आणि नीट आखलेल्या चुंबकातून शेवटी दोघे एकाच जागी येतात. अशा मशीनवर मेडिकल फिजिसिस्ट लागतो. त्यासाठी एमएस्सी फिजिक्सनंतर मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा हा एक रस्ता आहे. जागा मोजक्या असतात आणि बीएस्सीचे मार्कही बघतात. म्हणून पहिल्या वर्षीच त्याची जाहिरात शोधून पात्रतेचा रकाना वाचून ठेवा.