वार्षिक अहवालाची प्रिंट-रेडी पीडीएफ: ऑफसेट आणि डिजिटल, दोन्हींसाठी

वार्षिक सभा सप्टेंबरअखेर उरकायची असते, त्यामुळे सांगली, मिरज, तासगाव, विट्याकडच्या पतसंस्था, सोसायट्या आणि साखर कारखान्यांचे अहवाल प्रेसवर एकदमच येऊन पडतात. गणेश मंडळांची पावती पुस्तकं आणि कार्यक्रमपत्रिकाही त्याच सुमारास असतात. अशा गर्दीत तुमची फाइल कोणी उघडून नीट करत बसत नाही. जशी आली तशी ती प्लेटवर (ऑफसेटला प्रत्येक शाईसाठी बनवतात तो छपाईचा पत्रा) जाते. म्हणून छपाईबद्दलचा प्रत्येक निर्णय पीडीएफमध्येच पक्का झालेला हवा.

आधी प्रेसकडून माप घ्या, मग पान मांडा

डिझाइन सुरू करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: कटिंगनंतरचं माप, कागद आणि त्याचं जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन), बाइंडिंग, आणि आतली पानं एकरंगी की चाररंगी. डेमी १/८ म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच हे सगळ्यांना माहीत असतं, पण कटिंगनंतरचं नेमकं माप प्रेसप्रमाणे दोन-तीन मिलिमीटरने बदलतं. माप मिलिमीटरमध्येच मागा.

पानांची संख्या सेंटर पिनला (घडीवर मधोमध पिना मारलेल्या बाइंडिंगला) चारच्या पटीत लागते. ऑफसेटवर सोळा पानांचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं) धरला, तर ६४ पानांचा अहवाल चार फर्म्यांत बसतो. ६६ पानं झाली की दोन पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळा कागद आणि वेगळी घडी आली. ताळेबंदाचे तक्ते थोडे आवळून ६४ वर आणणं केव्हाही स्वस्त पडतं.

फाइलमधलं पान कटिंगच्या मापाचं ठेवा, त्याबाहेर चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये कापला जाणारा जादा भाग. कडेपर्यंत जाणारा रंग, फोटो किंवा पट्टी ब्लीडच्या टोकापर्यंत ओढा, नाहीतर कटर अर्धा मिलिमीटर सरकला तरी पांढरी रेघ दिसते. मजकूर, पानाचा आकडा आणि लोगो कडेपासून ५ मिलिमीटर आत. बाइंडिंगच्या बाजूला सेंटर पिनसाठी १० ते १२ आणि परफेक्ट बाइंडिंगसाठी (पानं पाठीला गोंदाने चिकटवतात ते) निदान १५ मिलिमीटर जागा सोडा.

सेंटर पिनच्या जाड अहवालात मधली पानं बाहेर ढकलली जातात. ८० जीएसएम मॅपलिथोचा (साधा, चकाकी नसलेला) कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. ६४ पानं म्हणजे एकात एक घातलेले सोळा कागद, म्हणजे मधलं पान दीड मिलिमीटरच्या आसपास बाहेर येतं आणि कटिंगमध्ये तेवढं कापलं जातं. पानांना चौकट देणार असाल तर ती कडेला चिकटून घेऊ नका. मधल्या पानांवर ती एका बाजूला बारीक होत गेलेली लगेच डोळ्यात भरते.

परफेक्ट बाइंडिंगच्या कव्हरला मणक्याची जाडी धरावी लागते. १६० पानं म्हणजे ८० कागद, म्हणजे ८ मिलिमीटर. १४० बाय २१६ मिलिमीटरच्या पुस्तकाचं उघडं कव्हर १४० अधिक ८ अधिक १४०, म्हणजे २८८ मिलिमीटर रुंद. ब्लीड धरून फाइल २९४ बाय २२२ ची होते. आर्ट पेपर त्याच जीएसएमला मॅपलिथोपेक्षा पातळ असतो, त्यामुळे खरी जाडी बाइंडरकडून कोऱ्या कागदाची डमी करून घेऊनच ठरवा.

मराठी मजकूर

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. संस्थेच्या कार्यालयातून आलेला मजकूर अर्धा युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) असतो आणि अर्धा श्री-लिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये. जुना फाँट नसलेल्या संगणकावर तो मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण मधले इंग्रजी शब्दही कन्व्हर्टर जुन्या फाँटचे कोड समजून बदलतो. बँकांची इंग्रजी नावं, आयएफएससी कोड, ईमेल आणि आकड्यांमधले स्वल्पविराम हाताने तपासा. आकडेवारीत एक टिंब हललं तर सभेत उत्तर द्यावं लागतं.

इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठीसाठी परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ लावा. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्त घेऊन सुटी होतात. अक्षरांची भाषा मराठी निवडा. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोडची जोडाक्षरं बिघडतात, म्हणून ‘दुसऱ्या’, ‘कर्ज’, ‘निव्वळ’, ‘हृदय’ असे शब्द शोधून पाहा. ते नीट असतील तर बाकीचं बहुधा नीट असतं.

मजकूर कर्व्ह करायचा का, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून टाकायच्या का? कव्हर, जाहिराती आणि एका पानाचे जॉब जरूर कर्व्ह करा. ६४ पानांचा बारीक मजकूर मात्र फाँट एम्बेड होत असेल (पीडीएफमध्येच साठवला जात असेल) तर तसाच ठेवावा. कर्व्ह केलेली बारीक अक्षरं, विशेषतः डिजिटल मशीनवर, किंचित जाड येतात. काही जुने फाँट एम्बेड होऊच देत नाहीत, तिथे कर्व्हला पर्याय नाही. कर्व्ह करण्याआधी मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा.

कोरलमधली आणखी एक खोड लक्षात ठेवा. कर्व्ह केलेली अक्षरं ‘कंबाइन’ केली की जिथे मात्रा किंवा शेजारचं अक्षर शिरोरेषेवर चढलेलं असतं, तिथे बारीक पांढरी छिद्रं पडतात. एकत्र करायचीच असतील तर ‘वेल्ड’ वापरा.

काळा रंग

वर्ड आणि एक्सेलमधला काळा हा आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्याचा) काळा असतो. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाई: सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक) बदलताना तो चारही शाईंत विभागला जातो. फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगला तो सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९० असा होतो, एकूण ३०० टक्के. आता ताळेबंदाखालची आठ पॉइंटची तळटीप डोळ्यासमोर आणा. तिच्यातला अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. मशीनवर एक प्लेट केसभर सरकली की त्या ठिपक्याला एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने तांबूस कड येते, आणि अनुस्वार आहे की नाही हे कळायला वाचणाऱ्याला पान डोळ्याजवळ न्यावं लागतं.

आतली पानं एकरंगी असतील तर वेगळाच त्रास. प्रेसने नुसती ब्लॅकची प्लेट काढली तर मजकूर ९० टक्के काळा, म्हणजे स्क्रीनच्या ठिपक्यांनी बनलेला येतो आणि अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. म्हणून मजकूर, तक्त्यांच्या रेघा आणि बारकोड नेहमी नुसता ब्लॅक १००, बाकी तिन्ही शून्य. काळा मजकूर रंगीत पट्टीवर असेल तर ओव्हरप्रिंट ठेवा, म्हणजे खालचा रंग न कापता काळा त्याच्यावरच छापला जातो. इनडिझाइनचा मूळ ‘ब्लॅक’ स्वॅच (यादीतला तयार रंग) तो आपोआप ठेवतो.

कव्हरवरच्या मोठ्या काळ्या जागेला मात्र नुसता ब्लॅक फिका पडतो. तिथे सायन ४०, मॅजेंटा ३०, यलो ३०, ब्लॅक १०० द्या. एकूण शाई आर्ट पेपरवर ३०० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका आणि मॅपलिथोवर २६० ते २८० च्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यातल्या कागदाच्या पाठीला लागते. ‘रजिस्ट्रेशन’ नावाचा स्वॅच मजकुराला कधीही लावू नका, तो चारही शाई शंभर टक्के देतो.

पांढऱ्या अक्षरांवर चुकून ओव्हरप्रिंट राहिलं तर ती छपाईत गायब होतात, कारण पांढरी शाईच नसते. स्क्रीनवर ती ठणठणीत दिसतात. काळ्या लोगोचा रंग बदलून पांढरा केला की ही सेटिंग मागे राहून जाते.

रेघा पाव पॉइंटपेक्षा बारीक नकोत. कोरलची ‘हेअरलाइन’ प्लेटवर तुटते.

फोटो

प्रत्यक्ष छापायच्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला ठिपके). व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा होतो, म्हणजे फार तर सव्वापाच इंचांपर्यंत नीट छापतो. संचालकांच्या पासपोर्ट फोटोंना तो पुरतो. सभेचा पूर्ण पानाचा फोटो मात्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. शिक्के आणि सह्या एकरंगी बिटमॅप म्हणून ६०० ते १२०० डीपीआयला स्कॅन करा.

हळदीचा फोटो असेल, आणि सांगलीत तो असतोच, तर सायनचा आकडा पाहा. पिवळ्यात सायन पाच-दहा टक्के मिसळला की हळद हिरवट, शिळी दिसते. उजळ भागात तो शून्याजवळ ठेवा आणि ऊब मॅजेंटाने आणा. मॅट लॅमिनेशनने रंग थोडे दबतात, तेही धरा.

पीडीएफ काढणं

प्रेसचा रिप (पीडीएफवरून प्लेटचे ठिपके बनवणारी यंत्रणा) जुना असेल तर पीडीएफ-एक्स-१ए:२००१. त्यात सगळं सीएमवायके किंवा स्पॉट कलरमध्ये (वेगळ्या मिसळलेल्या खास शाईत) असतं आणि पारदर्शक छाया सपाट होतात. नवीन यंत्रणा असेल तर पीडीएफ-एक्स-४, त्यात पारदर्शकता जिवंत राहते. प्रेसला विचारूनच ठरवा.

इनडिझाइनमधून एक्सपोर्ट करताना ‘स्प्रेड्स’ नको, ‘पेजेस’ निवडा, डॉक्युमेंटचं ब्लीड वापरा, आणि क्रॉप मार्कचा (कटिंगच्या खुणांचा) ऑफसेट, म्हणजे पानापासूनचं अंतर, ३ मिलिमीटर करा. मूळ सेटिंग दोन मिलिमीटरच्या जवळ असते आणि खुणा ब्लीडमध्ये घुसतात. कोरलमध्ये ‘पब्लिश टू पीडीएफ’च्या सेटिंग्जमध्ये रंग सीएमवायके करा आणि ‘प्रीप्रेस’मध्ये ब्लीड आणि क्रॉप मार्क चालू करा. वर्डमधून थेट छपाईची पीडीएफ काढू नये. पानं ओळीने एकेक द्या, कोरी पानंसुद्धा. पानांची फर्म्यात मांडणी प्रेस करतं. कव्हरची फाइल वेगळी.

पाठवण्याआधी

पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडा. कंट्रोल-डी दाबून फाँटच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ आहे का पाहा, हे मोफत रीडरमध्येही दिसतं. रीडरच्या पेज डिस्प्ले सेटिंगमध्ये ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू ‘ऑलवेज’ करा म्हणजे हरवणारी पांढरी अक्षरं आधीच हरवतील. ॲक्रोबॅट प्रो असेल तर ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये ब्लॅकची खूण काढा. सगळा काळा मजकूर पानावरून नाहीसा झाला पाहिजे. जो उरेल तो चाररंगी आहे, त्याला दुरुस्त करा. याच यादीत एखादा जादा स्पॉट कलर दिसला तर तीही एक जादा प्लेट आहे.

एक्स-१ए फाइलमध्ये छायेच्या आसपास बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. झूम वाढवूनही रेघ तेवढीच बारीक राहिली तर ती फक्त स्क्रीनची आहे, छपाईत येत नाही.

डिजिटलवर काय बदलतं

थोड्या प्रतींना डिजिटल बरं, प्लेटचा खर्च नाही. पण टोनर कागदावर थर करून बसतो, म्हणून जाड कव्हरवर घडीच्या जागी गडद रंग तडकतो. १७० जीएसएमच्या वर क्रीझिंग (घडीची रेघ आधी दाबून घेणं) करून घ्या आणि घडीवर गडद रंग टाळा. पुढची-मागची छपाई मिलिमीटरभर सरकू शकते, तेव्हा दोन्ही बाजूंना जुळणारी बारीक चौकट नको. मोठ्या फिक्या ग्रेडियंटमध्ये पट्टे पडतात. १३ बाय १९ इंचाच्या कागदावर ए-४ ची दोन पानं ब्लीडसह बसतात, पण कडेला मशीन काही मिलिमीटर छापत नाही, त्यामुळे क्रॉप मार्क लांब ठेवू नका.

फाइलच्या नावात संस्था, वर्ष, ‘आतील’ किंवा ‘कव्हर’ आणि तारीख घाला. ‘फायनल’ नावाच्या तीन फाइल प्रेसच्या संगणकावर नकोत. सोबत घडी घातलेली कागदी डमी द्या, तिच्यावर पानांचे आकडे पेनाने लिहा आणि मशीन प्रूफवर सही करण्याआधी ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा लेखापालाकडून एकदा कागदावरूनच वाचून घ्या.