आरएमआयचा सर्व्हर क्लास लिहिताय? या चुका टाळा

रायबंदर–चोडण फेरीबोटीवर चढणाऱ्या गाड्या मोजायला जावा आरएमआयवर (दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्टची मेथड इथून बोलवायची जावाची सोय) प्रोग्राम लिहिलाय असं धरा. दोन्ही धक्क्यांवर एकेक क्लायंट, पणजीत सर्व्हर. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. सर्व्हर पणजीच्या मशीनवर गेला की क्लायंट ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणतो, आणि मग जो तो क्लायंटचा कोड उपसत बसतो.

दोष बहुतेक वेळा सर्व्हरकडे असतो. रजिस्ट्रीतून (नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणारी यादी) मिळणाऱ्या स्टबमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ऑब्जेक्टच्या क्लायंटकडच्या प्रतिनिधीत, सर्व्हरचा पत्ता आधीच लिहिलेला असतो आणि तो जावा त्या मशीनच्या नावावरून काढते. डेबियन, उबुंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये हे नाव अनेकदा १२७.०.१.१ ला, म्हणजे ‘हीच मशीन’ अशा अर्थाच्या पत्त्याला, जोडलेलं असतं. मग चोडणचा क्लायंट सर्व्हर शोधत स्वतःच्याच दारात येऊन उभा राहतो. सर्व्हर सुरू करतानाच ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ या प्रॉपर्टीत खरा आयपी द्या. ऑब्जेक्ट एक्सपोर्ट झाल्यावर (बाहेरचे कॉल घ्यायला खुला झाल्यावर) देऊन उपयोग नाही, स्टब तोवर तयार झालेला असतो.

पत्ता बरोबर असूनही अडतंय? १०९९ हा पोर्ट फक्त रजिस्ट्रीचा. एक्सपोर्ट करताना पोर्ट ० दिलात तर ऑब्जेक्ट मिळेल त्या पोर्टवर बसतो आणि फायरवॉल त्याला आत घेत नाही. ठरावीक पोर्ट द्या आणि दोन्ही उघडे ठेवा.

दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण ती एररच देत नाही. दोन धक्क्यांवरून एकाच क्षणी कॉल आले तर ते वेगवेगळ्या थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी, चालू शकतात. साध्या इंट काउंटरला ‘++’ केलंत तर दोन गाड्या चढून आकडा एकानेच वाढू शकतो. अ‍ॅटॉमिकइंटिजर वापरा. बोटीची क्षमता तपासून मग गाडी घ्यायची असेल, तर तपासणी आणि वाढ एकाच सिंक्रोनाइज्ड मेथडमध्ये (एका वेळी एकच थ्रेड आत जाईल अशा) हवी.

सर्व्हर तासभर चालून अचानक ‘नो सच ऑब्जेक्ट इन टेबल’ म्हणू लागला, तर गार्बेज कलेक्टरने (वापरात नसलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा) ऑब्जेक्ट उचलला असण्याची शक्यता मोठी. कोणताही क्लायंट धरून नसेल तर आरएमआय एक्सपोर्ट केलेला ऑब्जेक्ट वीक रेफरन्सनेच धरतं, आणि असा रेफरन्स त्याला कलेक्टरपासून वाचवत नाही. मेनमधल्या लोकल व्हेरिएबलवर विसंबू नका, स्टॅटिक फील्डमध्ये ठेवा.

बाकीच्या किरकोळ. रिमोट इंटरफेसच्या प्रत्येक मेथडवर रिमोटएक्सेप्शन लिहा. पाठवायचे साधे (रिमोट नसलेले) ऑब्जेक्ट सीरियलायझेबल, म्हणजे बाइट्समध्ये बदलून पाठवता येणारे, असू द्यात. सर्व्हरला त्यांची प्रत मिळते, तिथे केलेला बदल क्लायंटला दिसत नाही. क्लास युनिकास्टरिमोटऑब्जेक्टपासून घेतला असेल तर तो कन्स्ट्रक्टरमध्येच एक्सपोर्ट होतो, पुन्हा करायला गेलात की ‘ऑब्जेक्ट ऑलरेडी एक्सपोर्टेड’. क्लायंटकडे कास्ट इंटरफेसलाच करा, सर्व्हर क्लासला नाही.

आणि सीनियरांच्या झेरॉक्स नोट्समध्ये ‘आरएमआयसी’ने स्टब बनवायची पायरी असेल तर ती खोडून टाका. जावा ५ पासून स्टब आपोआप बनतात, आणि जावा १५ मध्ये ती कमांडच काढून टाकली.