मिशन महाविद्यालयाचा इतिहास सोलापुरात बसून कसा लिहावा

सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही दोन्ही अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या संस्थेची केंद्रे असल्यामुळे, डॉ. भा. पां. हिवाळे यांनी 1947 साली स्थापन केलेल्या अहमदनगर महाविद्यालयाचा इतिहास सोलापूरच्या अभ्यासकाला परका नाही. तो किंवा तशाच दुसऱ्या प्रॉटेस्टंट महाविद्यालयाचा इतिहास लिहायचा असेल, तर आधी स्थापनेच्या तारखा वेगळ्या कराव्यात. शाळा, महाविद्यालयाचे वर्ग, विद्यापीठाची संलग्नता आणि इमारत यांची वर्षे क्वचितच एक असतात. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाचे मूळ स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली काढलेल्या शाळेत आहे. परंतु मुंबई विद्यापीठच 1857 साली स्थापन झाले, तेव्हा त्याआधी तेथे त्या विद्यापीठाचे पदवीशिक्षण असणे शक्य नव्हते, आणि चौपाटीवरील इमारत तर 1889 ची आहे.

त्यानंतर चर्चची बाजू पाहावी, कारण चर्चमधील घडामोडी संस्थेची दिशा बदलतात. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये 1843 साली फूट पडली तेव्हा विल्सन वेगळ्या झालेल्या गटाच्या, म्हणजे फ्री चर्चच्या, बाजूने गेले, हे ठाऊक नसेल तर पुढील नोंदी कोणत्या संस्थेच्या आहेत हेच उलगडत नाही. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनशी संबंधित मंडळ्या 1924 साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. म्हणून दप्तरे शोधताना तिन्ही नावांनी चौकशी करावी.

विद्यापीठांचाही असाच हिशेब ठेवावा. सोलापूर जिल्हा पुणे विद्यापीठाकडून 1962 साली शिवाजी विद्यापीठाकडे गेला आणि 2004 साली येथे स्वतंत्र विद्यापीठ झाले; नगर मात्र पुण्याकडेच राहिले.

साधनांची सुरुवात घराजवळून करावी. 1884 चे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर, स्थानिक चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहांच्या नोंदवह्या, आणि 1842 साली अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे जुने अंक पाहावेत. अमेरिकन मराठी मिशन ज्याच्या अखत्यारीत होते त्या अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. इंग्रजी सूचीत सोलापूरचे नाव ‘शोलापूर’ असेही सापडते. मिशनऱ्यांचे वार्षिक अहवाल मोलाचे आहेत, पण ते बहुधा देणगीदारांसाठी लिहिलेले असल्याने यशाची बाजू त्यांत ठळक आणि अडचणी पुसट दिसतात. त्यांच्या शेजारी मराठी ख्रिस्ती शिक्षकांची पत्रे व आठवणी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

प्राचार्यांची यादी आणि इमारतींची उद्घाटने म्हणजे इतिहास नव्हे. कोण शिकले, कोणाच्या घरातील ती पहिलीच पिढी होती, मुलींना प्रवेश केव्हा मिळाला, बिगरख्रिस्ती विद्यार्थी किती होते आणि बायबलचा तास त्यांना सक्तीचा होता का, हे प्रश्न प्रवेशपुस्तके आणि नियमपत्रके समोर ठेवून विचारावेत. माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेताना परवानगी, दिनांक व स्थळ लिहून ठेवावे, आणि सांगितलेले प्रत्येक वर्ष त्यांच्या गुणपत्रिकेशी किंवा वार्षिक अंकाशी ताडून मगच मजकुरात घ्यावे.