जुना हॉट टब काढताना आधी सुटा करा
अख्खा हॉट टब (गरम पाण्यात बसायचा मोठा टब) कोणी सहजासहजी नेत नाही, आणि नेलाच तर वाहतूक महाग पडते. सुटा केला की बराचसा माल मार्गी लागतो.

१. काही दिवस आधी क्लोरीन घालणं थांबवून झाकण उघडं ठेवा. चाचणीपट्टीवर (पाण्यात बुडवून क्लोरीन तपासायची पट्टी) क्लोरीन शून्य दिसल्यावरच पाणी सोडा. ओढ्यात मात्र कधीच नको.

२. मुख्य स्विच बंद करून वायरमनकडून जोडणी सोडवून घ्या.

३. पंप, हीटर आणि कंट्रोल बॉक्स काढा. खरी किंमत इथेच आहे: मोटरीत तांब्याची तार असते, ती भंगारात लगेच खपते. सर्किट बोर्ड ई-कचऱ्यात द्या. पंप चालू स्थितीत असेल तर आधी दुरुस्तीवाल्याला विचारा. चांगली वस्तू वितळवायला देणं मला पटत नाही.

४. बाजूच्या लाकडी फळ्या वेगळ्या ठेवा.

५. उरलेलं अ‍ॅक्रिलिक-फायबरग्लासचं कवच करवतीने कापा. त्याचा पुनर्वापर क्वचितच होतो, म्हणून कचरा केंद्र ते घेतं का, हे कापण्याआधीच विचारा.

फायबरग्लासची धूळ फुफ्फुसाला आणि डोळ्यांना घातक असते. चांगला मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच कापा. कवच किंवा आतला फोम जाळू नका, धूर विषारी असतो.