‘मला साय-फाय झेपत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला हलकीफुलकी साय-फाय कशी दाखवायची

आमच्या ताईचं कित्येक वर्षं एकच पालुपद होतं, मला ते स्पेसशिप आणि एलियन वगैरे झेपत नाही बाबा. आता तीच फोन करून विचारते पुढचं काय बघू. मधे नक्की काय केलं ते लिहितो, तुमच्या घरातही असं कोणीतरी असेलच.

सगळ्यात आधी, सिरीज पहिल्या एपिसोडपासून लावू नका. हे खूप फॅन लोकांना पटत नाही पण मी यावर ठाम आहे. पहिल्या एपिसोडमध्ये सगळा वेळ कोण कोणाचा कोण आणि ही मशीन काय करते यातच जातो, नवीन माणूस तिथेच मोबाईल हातात घेतो. त्यापेक्षा मधलाच एखादा, एका बैठकीत गोष्ट पूर्ण होणारा एपिसोड घ्या. माझा ठरलेला आहे, ‘स्टारगेट एसजी-१’ च्या चौथ्या सीझनमधला ‘विंडो ऑफ ऑपॉर्च्युनिटी’, २००० सालचा. आधी फक्त एवढंच सांगायचं की एक मोठी गोल कमान आहे, तिच्यातून दुसऱ्या ग्रहावर जाता येतं, आणि ही माणसं अमेरिकन एअर फोर्सच्या टीममधली आहेत. बास.

यात दहा तासांचा एकच दिवस परत परत घडतोय आणि ते कळतंय फक्त टीममधल्या कर्नल ओनील आणि टील्क या दोघांनाच. दर वेळी ओनील नाश्त्याच्या टेबलावर, समोर टीममधलाच डॅनियल काहीतरी विचारून उत्तराची वाट बघतोय, आणि प्रश्न काय होता ते ओनीलला माहीतच नाही कारण त्याचं आधीपासूनच लक्ष नव्हतं. पुढे वैतागून दोघं त्या कमानीतूनच दुसऱ्या ग्रहावर गोल्फचे बॉल मारतात, इथे ताई इतकी हसली की मला मागे घेऊन परत लावावं लागलं. आणि मग (थोडा स्पॉयलर आहे, पण सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही) ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय त्याला आपल्या वारलेल्या बायकोला परत बघायचंय, आणि त्याला थांबवायला ओनीलला स्वतःच्या गेलेल्या मुलाबद्दल बोलावं लागतं. ताई एकदम गप्प. मला हा प्रकार इतका आवडतो तो यासाठीच, आपण हसत असतो पण त्या माणसांसाठी सगळं खरंच चालू असतं.

तसाच पिक्चर म्हणजे १९९९ चा ‘गॅलेक्सी क्वेस्ट’, तो दुसऱ्या आठवड्यात लावा. जुन्या स्पेस सिरीजमधले नट, आता काम नाही, फॅनच्या मेळाव्यात सह्या देत फिरतायत, आणि खरे एलियन येतात ज्यांना ती सिरीज म्हणजे खरा इतिहास वाटलाय. ॲलन रिकमनचं पात्र आपल्या एका डायलॉगला आयुष्यभर वैतागलेलं असतं, आणि शेवटाकडे तोच डायलॉग तो त्याला मानणाऱ्या, मरणाऱ्या एका एलियनसाठी मनापासून म्हणतो. मी कितीही वेळा बघितला तरी तिथे माझ्या घशात आवंढा येतो. पिक्चरमधली ती सिरीज म्हणजे ‘स्टार ट्रेक’ची नक्कल आहे, पण यासाठी ‘स्टार ट्रेक’ माहीत असायची काही गरज नाही.

मग खुद्द ‘स्टार ट्रेक’ दाखवायचं असेल तर १९६७ चा ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा एपिसोड घ्या. गुबगुबीत केसाळ गोळे, खायला मिळालं की पोरं होतात, सगळं जहाज भरून जातं, आणि कॅप्टन कर्क धान्याचं कोठार उघडतो तर सगळे त्याच्या अंगावर. रंग आणि सेट जुने वाटतील, तेवढं आधी सांगून ठेवा.

ब्रिटिश ‘रेड ड्वार्फ’ जरा जपून. १९८८ ला सुरू झाली, तीस लाख वर्षांनी जागा झालेला शेवटचा माणूस आणि सोबत त्याच्या डोक्यात जाणाऱ्या रूममेटचा होलोग्राम. पहिले दोन सीझन माझे लाडके आहेत पण नवख्याला संथ वाटतात, म्हणून तिसऱ्यातला ‘मरून्ड’ लावा. जवळजवळ पूर्ण वेळ बर्फात अडकलेली दोनच माणसं, ऊब मिळावी म्हणून एकेक वस्तू जाळतायत आणि बोलतायत. सबटायटल चालूच ठेवा, ते इंग्लिश पटकन कानावर बसत नाही.

‘फायरफ्लाय’ ही सिरीज मात्र अपवाद, ती पहिल्यापासूनच बघायची, पण क्रम तपासून. २००२ मध्ये चॅनेलने एपिसोड उलटसुलट दाखवले, दोन तासांचा पायलट, म्हणजे गोष्टीचा पहिला एपिसोड, तर सगळ्यात शेवटी, त्यामुळे लोकांना कळेचना कोण कुठून आलं. सगळे मिळून १४ एपिसोड, पायलटपासून सुरू करा आणि मग तिचीच पुढची गोष्ट असलेला २००५ चा ‘सेरेनिटी’ पिक्चर, आधी नाही.

‘लोअर डेक्स’ ही ‘स्टार ट्रेक’ची विनोदी कार्टून सिरीज इतक्यात लावू नका, ती मलाही खूप आवडते पण तिच्यातल्या अर्ध्या गमती जुनं ‘स्टार ट्रेक’ बघितल्यावरच लागतात.

आणि बघताना शेजारी बसून आता बघ आता बघ करू नका. मी पहिल्या दिवशी दोनदा केलं, तिसऱ्यांदा ताईने रिमोट स्वतःकडे घेतला, तो अजून तिच्याकडेच आहे.