पुठ्ठ्याचं पूरयंत्र: फर्स्ट इयरच्या पोरांसाठी आमचा अनुभव

आमच्या कॉलेजात फर्स्ट इयरला टीम करून रद्दी पुठ्ठ्यातनं भविष्यातलं एक उपकरण बनवायचं असतंय. खरं चालायला नको, पण हातात घेऊन वापरता आलं पाहिजे. यंदाच्या पोरांनी विचारलं म्हणून आमचं सांगतो.

आम्ही पाच जण, पहिला आठवडा नुसता आयडियांत गेला, रोबोट झाला, उडती गाडी झाली, मनातलं ओळखणारं हेल्मेट झालं, पण ते वापरणार कोण म्हटलं की सगळे गप्प. मग एकानं त्याच्या आजीचा विषय काढला, 2019 ला त्यांचं घर पुरात होतं. सांगलीत पूर मोजतात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, 40 फूट इशारा, 45 धोका, त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलेलं. पण आजीला नुसता आकडा सांगून काय उपयोग, पाणी आपल्या गल्लीत कधी येणार ते तिला पाहिजे. तिथंच ठरलं. दाराला लावायचा डबा, हँडल फिरवलं की आतली कागदाची पट्टी सरकते आणि खिडकीत आकडा दिसतो, त्याच्यासमोर पाणी कुठवर आलं असेल ते. कोयना धरणातनं किती पाणी सोडलं, वारणा नदीला किती आहे हे यंत्राला आपोआप कळतंय, एवढीच कल्पना.

पुठ्ठा भंगारवाल्याकडं किलोवर मिळतो. फ्रिजच्या खोक्याचा जाड पाच प्लाय, म्हणजे पाच थरांचा, डब्याला घ्या, बिस्किटाच्या खोक्याचा पातळ तीन प्लाय वळवायच्या भागाला. आणि कापायच्या आधी आतल्या नाळ्यांची, म्हणजे मधल्या नागमोडी कागदाच्या पन्हाळ्यांची, दिशा बघा, हे दहादा सांगेन. नाळ्या उभ्या असल्या की वजन पेलतंय, आडव्या असल्या की तिथंच घडी पडते. आमच्या बाजूच्या भिंती आडव्या कापल्या गेल्या आणि हँडल चार वेळा फिरवलं तोवर भिंत वाकून हँडलचं भोक लांबट झालं. मग तीन तुकडे एकावर एक, प्रत्येकाच्या नाळ्या आधीच्याला आडव्या येतील असे चिकटवले, वर पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर सोडलं, आणि भोकात जुन्या स्केचपेनची नळी बसवली, तेव्हा कुठं हँडल गुळगुळीत फिरायला लागलं. फेविकॉल पातळच लावा, जास्त झाला की पुठ्ठा भिजून वाकतो, पावसाळ्यात तर लवकर वाळतच नाही. घडी पाडायला संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबून घ्या.

कामं वाटून घरी नेऊ नका. आम्ही नेली, पट्टी खिडकीपेक्षा एक सेंटीमीटर रुंद निघाली. नंतर वर्तमानपत्रं जोडून भिंतीवर खऱ्या मापाचं ड्रॉइंग लावलं आणि सगळ्यांनी त्याच्यावरनंच मापं घेतली.

सबमिशनच्या आधी यंत्र त्या आजींच्या हातात दिलं. त्यांनी हळूहळू फिरवत 40 वर थांबवलं, म्हणाल्या, "इथं धान्य माळ्यावर चढवायचं, पंचेचाळीसची वाट बघायची न्हाई." आम्ही पट्टी बाहेर काढली आणि 40 च्या पुढं पेननं लिहिलं, धान्य माळ्यावर.